पी शून्य एक सात एक

गुरुवारी रात्री आई म्हणाली,
गाडीत एक दिवा लागलाय, किटलीसारखा, पिवळा.
परवापासून. मला वाटलं, जाईल आपोआप.

कांजूरच्या सिल्वेस्टरने बॉनेटही न उघडता सांगितलं:
सेन्सर गेला. साडेसहा हजार.
माझा डिप्लोमा आणि माझी बेकारी
दोघांनाही राग आला.

लॅमिंग्टन रोडवरून साडेआठशेचं यंत्र आणलं,
निळं, काडेपेटीएवढं.
स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, गाडीला एक तोंड असतं,
सोळा छिद्रांचं.
अकरा वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
खोचलं. किल्ली अर्धी फिरवली.
फोनवर उमटलं: पी शून्य एक सात एक.
मिश्रण विरळ. हवा जास्त, पेट्रोल कमी.

इथे लोक फसतात.
कोड नुसती तक्रार सांगतो, काय बदलायचं ते नाही.
थर्मामीटर एकशे दोन म्हणतो,
डास कुठे चावला ते म्हणत नाही.
ज्या सेन्सरचं नाव येतं तो बिचारा साक्षीदार,
आणि आपण त्यालाच बदलून येतो.

कोडच्या खाली आणखी एक पान होतं.
दोष दिसला त्या क्षणाचा
गाडी एक फोटो काढून ठेवते, आकड्यांचा.
वेग शून्य.
फेरे साडेसातशे.
पाणी चौऱ्याण्णव अंश.
इंजिन सुरू होऊन दोन हजार चारशे साठ सेकंद.
आणि सगळ्यात शेवटी:
दिवा लागल्यापासून अठ्ठावन्न किलोमीटर.

गव्हाणपाडा ते सीप्झ आणि परत, एकोणतीस.
दोन दिवसांचे अठ्ठावन्न.
तेव्हा दिवा लिंक रोडवर लागलेला नाही,
गांधीनगरच्या सिग्नललाही नाही.
तो लागला इथे, आमच्या पार्किंगमध्ये, खांब क्रमांक नऊला.
मंगळवारी रात्री.

साठने भागलं. एक्केचाळीस मिनिटं.
सीप्झहून संध्याकाळचं एक्केचाळीस मिनिटांत कुणी पोचत नाही.
म्हणजे आई आली. गाडी बंद केली. उतरली नाही.
मग उकडायला लागलं असेल,
तर पुन्हा चालू केली, एसीपुरती.

वर काय होतं त्या वेळी, आठवून पाहिलं.
बाबांच्या बातम्या, आवाज अडतीसवर.
आत्याच्या गुडघ्यांना निर्गुडीचं तेल.
मी, "आज काय झालं इंटरव्ह्यूचं"च्या आधीचा चेहरा करून.
आणि ती आल्या आल्या म्हणाली होती,
काय बाई ट्रॅफिक.

वॉचमन मौर्याला हे माहीत असणार.
मी त्याला विचारलं नाही.

रविवारी इंजिन चालू ठेवून
गॅसच्या नळीचा एक तुकडा कानाला लावला,
दुसरं टोक फिरवत नेलं पाईपांवरून, सावकाश,
डॉक्टर पाठीवरून नेतो तसं.
एका वळणावर ऐकू आली: स्सस्स, बारीक.
रबराला केसाएवढी फट. तिथून आत हवा.
साठ रुपयांत नवी नळी, चार इंच, दोन क्लिपा.

फोनने विचारलं, कोड पुसू का.
पुसला की तो फोटोही जातो, ती एक्केचाळीस मिनिटंही.
पुसला.

काय होतं रे, आईने भाकरी थापता थापता विचारलं.
फट होती. हवा घेत होती कुठून तरी.
बुजवलीस?
हो, म्हणालो.
तिने भाकरी उलटली. काही बोलली नाही.

त्यानंतर मी संध्याकाळी
गॅलरीतून खाली बघायचं सोडलं.
बाबांचा रिमोट मात्र अधूनमधून हरवतो.

ती जुनी चार इंच नळी ड्रॉवरमध्ये आहे, टेस्टरशेजारी.
फेकवत नाही.
एकदा फुंकून पाहिली:
शिट्टी वाजत नाही,
नुसती हवा जाते.